डोंगरात सायकलवर पहिला दिवस काढायचाय? किलोमीटर विसरा, चढ मोजा

सपाटीला ५०-६० किलोमीटर आरामात मारणारा माणूस डोंगरात ३० लाच कडेच्या दगडावर मान खाली घालून बसलेला दिसतो, आणि त्याला कळतच नसतं की आपलं नेमकं चुकलं काय, कारण स्टॅमिना तर आहे, सायकलही ठीक आहे. मीही बसलोय असा. चूक बहुतेक वेळा आदल्या रात्रीच झालेली असते, मॅपवर नुसतं "४८ किमी" बघून "हॅ, एवढंच?" म्हणताना. म्हणून हे लिहितोय, ज्यांना डोंगराळ खेड्यापाड्यातून एक दिवस सायकलवर फिरून अंधार पडायच्या आत धड परत यायचंय त्यांच्यासाठी. रेस करणाऱ्यांनी नाही वाचलं तरी चालेल.

पहिलं काम रूटचं

डोंगरात दिवस मोजायचा तो एकूण चढाईच्या मीटरमध्ये. पहिल्यांदाच जाताय तर ४०-४५ किमी आणि ६००-७०० मीटर चढाई, बास. हिशोब असा करा की अंतराला ताशी १५ किमी धरायचे आणि वर दर १०० मीटर चढाईला १० मिनिटं टाकायची. म्हणजे ४५ किमीचे ३ तास, ७०० मीटरची ७० मिनिटं, झाले ४ तास १० मिनिटं. हा झाला नुसता पेडल मारायचा वेळ. थांबणं, खाणं, फोटो, पंक्चर, चुकलेला फाटा, कुणाशी तरी रंगलेल्या गप्पा हे सगळं धरून दीडपट करा, ६ तासांच्या वरच जातं. ४५ किमीला ६ तास म्हटल्यावर लोक हसतात, आणि परत आल्यावर हसत नाहीत.

अ‍ॅपमध्ये चढाचा सरासरी टक्का दाखवतात त्यावर फार विश्वास ठेवू नका. ५ किमीत २५० मीटर चढ म्हणजे सरासरी ५ टक्के, ऐकायला अगदी गोड. पण त्यात मधे एक-दीड किमी सपाट असेल, थोडासा उतारही असेल, तर ती सगळी उधारी शेवटच्या किलोमीटरला १०-१२ टक्क्यांनी वसूल होते. त्यामुळे प्रोफाइलचा ग्राफ (कुठल्या किलोमीटरला किती उंची ते दाखवणारा) झूम करून बघायचा, आणि सगळ्यात उभा तुकडा कुठे येतोय, सकाळी ताजे असताना की दुपारी पाय गेल्यावर, ते बघायचं.

अजून एक युक्ती, जी मला बऱ्याच उशिरा कळली. रस्ता नदीच्या कडेकडेने जात असेल तर चढ सहसा सौम्य असतो, कारण पाणी आधीच सोपी वाट शोधून ठेवतं. तोच रस्ता ओढे-नाले आडवे कापत जात असेल तर करवतीचे दात समजा, खाली-वर, खाली-वर, गाठलेली उंची वाढत नाही आणि माणूस मात्र संपतो. अवजड गाड्यांसाठी बांधलेल्या मोठ्या रस्त्याला वळणं जास्त आणि चढ कमी असतो, तर जुनी पायवाट रुंद करून झालेला गावरस्ता सरळ डोक्यावर चढतो. नकाशात कंटूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) असतील तर त्यांना रस्ता काटकोनात कापतोय की त्यांच्या सोबत सोबत चाललाय एवढं बघितलं तरी अर्धं काम झालं.

दिशा पण ठरवायची असते बरं का. मोठा चढ सकाळी, उतार परतीला, हे सगळेच सांगतात. पण वाऱ्याचं कुणी सांगत नाही. ऊन तापलं की डोंगराचे उतार गरम होतात, हवा वर सरकते, आणि दुपारी वारा दरीच्या तोंडाकडून वर आत वाहायला लागतो. म्हणजे ज्या उतारावरून परतीला पेडल न मारता घरंगळत जाऊ असं तुम्ही मनात धरलंय, तिथे दुपारी ३ वाजता समोरून वारा, आणि दरी लांबलचक असेल तर उतारालाही पेडल मारावे लागतात. उपाय एकच, लवकर निघा. पहिल्या उजेडाला सायकलवर बसलात तर गार हवा मिळते, ट्रॅफिक नसतं, आणि गडगडाटी पावसाचे ढग बऱ्याचदा दुपारनंतर जमतात तोवर तुम्ही माथ्यावरून खाली आलेले असता.

सायकल नवी नको, गिअर हलका हवा

कुठली सायकल घेऊ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर सगळ्यात बोअर आहे, आहे तीच घ्या, फक्त सगळ्यात हलका गिअर बघा. पुढच्या चेनरिंगचे (पेडलजवळच्या चकतीचे) दात आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात मोजा. पुढे ३४ आणि मागे ३४ असतील तर पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, साधारण २.१ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी साडेसात किमी. ठीक आहे, चालवून घेता येईल. आता पुढे ४८ आणि मागे २८ असतील तर एका फेऱ्यात ३.६ मीटर, आणि उभ्या चढावर तुमचा वेग ताशी ६ किमीवर आला की मिनिटाला जेमतेम २८ फेरे पडतात. हे सायकल चालवणं राहत नाही, एकेका पायावर जिना चढणं होतं, आणि बिल येतं गुडघ्यांना. मागचे दात पुढच्यापेक्षा जास्त असतील तर फारच छान, पहिल्यांदा जाणाऱ्याने लाज न बाळगता तसाच गिअर लावून घ्यावा. मेकॅनिकला फक्त एक विचारा, मागे मोठी कॅसेट (चकत्यांचा संच) बसवली तर आहे तो डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, ती झेलेल का.

लाजेवरून आठवलं. टूर द फ्रान्स या सायकल रेसमध्ये १९३७ पर्यंत डिरेलर वापरायला बंदी होती, मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन वेगळ्या चकत्या असायच्या आणि गडी चढाच्या पायथ्याशी उतरून चाक काढून उलटं लावायचे. साधी सायकल-भटकंती करणारे लोक मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून गिअर बदलत डोंगर चढत होते. तेव्हा हलका गिअर म्हणजे कच्चा माणूस असं कुणी म्हणालं तर त्याला चाक उलटं करायला सांगा.

सीटची उंची पण बघून घ्या, सीटवर बसून टाच पेडलवर ठेवायची, पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला की जवळपास बरोबर. सपाटीला सीट थोडी खाली असली तर चालून जाते, चढावर मांड्या भरून येतात.

सोबत काय

एक स्पेअर ट्यूब (तुमच्याच साइजची, व्हॉल्व्ह पण तोच, घरी लावून बघा), पॅच किट, दोन टायर लिव्हर (टायर सोडवायच्या पट्ट्या), छोटा पंप, मल्टीटूल, चेनची एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी). जाड प्लास्टिकचा किंवा पुठ्ठ्याचा पत्त्याएवढा तुकडा, टायर कापला गेला तर आतून लावायला, हा फुकटचा तुकडा बरोबर असलेला एक पण नवखा मला अजून भेटलेला नाही. वारा अडवणारं पातळ जॅकेट, उन्हाळा असला तरी. पुढे-मागे लाइट. ओळखपत्र, थोडी रोख रक्कम, मोबाइलमध्ये ऑफलाइन उतरवलेला मॅप, कारण दरीत रेंज नसते आणि नेमकी फाट्यावरच नसते. हेल्मेटबद्दल वाद नको, घाला.

हे सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये भरू नका. चढावर पाठ घामाने भिजते, उतारावर तीच पाठ गार पडते, आणि खांद्याचं वजन शेवटी बुडालाच लागतं. सीटखालची पिशवी आणि हँडलबार बॅग एका दिवसाला भरपूर होतात.

निघायच्या आधी हवा, ब्रेक, चेन या क्रमाने बघायचं. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मागचा दाबून ढकला, चाक घासत आलं पाहिजे. लिव्हर हँडलला टेकत असेल तर जाऊच नका, आधी ब्रेक नीट करून आणा.

पहिला तास

सगळा दिवस इथे ठरतो. सकाळची गार हवा, ताजे पाय, आणि कुणीतरी पुढे निघालेला मित्र. माझ्या पहिल्या ट्रिपला मी पहिल्याच चढावर तिघांना मागे टाकून वर जाऊन थांबलो, फोटो काढले, वरून हात पण केले. साडेतीन तासांनी पायात असे गोळे आले की उतरताना सायकलवरून पाय पलीकडे टाकता येईना, शेवटी सायकलच आडवी करून तिच्यातून बाहेर पडलो, आणि तेच तिघं आरामात गप्पा मारत बाजूने गेले. हातही केला त्यांनी, बरोबर आहे.

नियम असा ठेवा की पहिल्या तासात पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले, मधे श्वास घ्यावा लागला की गिअर खाली टाका, आणि खालचा गिअर उरलाच नसेल तर वेग कमी करा. "फारच हळू चाललोय" असं वाटलं पाहिजे, तो बरोबर वेग.

चढ कसा चढायचा

चढ सुरू व्हायच्या थोडं आधी गिअर बदला. पेडलवर पूर्ण जोर असताना बदलला की चेन कडकड करते, कधी उतरते, कधी तुटते. समोर भिंत दिसली की पायाचा जोर एक क्षण सोडायचा, क्लिक करायचं, मग परत जोर. हे सपाटीला २०-२५ वेळा करून बघा, हाताला सवय झाली पाहिजे.

बसून चढा. मिनिटाला ६०-७० फेरे पडत असतील तर मस्त. हँडल आवळून धरू नका, पियानोवर बोटं ठेवल्यासारखे हात सैल, कोपर थोडे वाकलेले, छाती मोकळी. फारच उभं आलं तर बूड सीटच्या पुढच्या टोकाकडे सरकवायचं आणि अंग जरा पुढे, नाहीतर पुढचं चाक हलकं होऊन इकडेतिकडे पळतं. मधून मधून १०-१५ फेरे उभं राहून मारा, तेवढीच मांड्यांना सुट्टी, पण उभं राहायच्या आधी एक गिअर जड करून घ्या म्हणजे पाय एकदम खाली जात नाही. हेअरपिन वळणाला (जिथे रस्ता जवळपास उलटा फिरतो) आतली बाजू सगळ्यात उभी असते, त्यामुळे पुढचं-मागचं दिसत असेल आणि गाडी नसेल तरच, आणि आपल्याच लेनमध्ये राहून, बाहेरून वळा.

आणि उतरून ढकलत चालणं हा पण एक गिअरच आहे. १२-१३ टक्क्यांवर चालणारा आणि नवखा सायकलवाला यांच्यात वेगाचा फरक नावालाच असतो. दमून तोल जाऊन पडण्यापेक्षा ५ मिनिटं चाललेलं बरं, पाठही मोकळी होते.

खाणं-पाणी, आणि इथे जरा गणित

सायकल, सामान, माणूस मिळून ८५ किलो धरा. ते ७०० मीटर वर उचलायचं म्हणजे जवळपास ५८० किलोज्यूल, पण आपलं शरीर खाल्लेल्यातला साधारण चौथा हिस्साच पेडलला पोचवतं, बाकीचा घाम आणि उष्णता. म्हणजे फक्त चढाचेच साडेपाचशे-सहाशे कॅलरी, शिवाय अंतर, वारा वेगळं. स्नायूंमधला साठा काही तासच पुरतो आणि तो संपला की हळूहळू दमत नाही माणूस, बटण बंद केल्यासारखा विझतो. डोळ्यासमोर अंधारी, चिडचिड, थरथर, आणि साधा ३ टक्क्यांचा चढ बघून रडू यायला लागतं.

म्हणून भूक लागायची वाट बघायची नाही. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच काहीतरी तोंडात टाका आणि मग दर अर्ध्या तासाला थोडं थोडं, तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे, एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतं यावरून अंदाज घ्या. मधेच तट्ट जेवू नका, पोट भरून लगेच चढ चढणं म्हणजे पोटात दगड घेऊन पळणं. पाणी तासाला अर्धा लिटर, कडक उन्हात त्याहून जास्त, आणि दोनातल्या एका बाटलीत चिमूटभर मीठ-साखर. पुढचं पाणी कुठे मिळेल हे रूट बघतानाच हेरून ठेवा, मॅपवरचं प्रत्येक गाव म्हणजे उघडं दुकान असं नसतं.

माथ्यावर ५ मिनिटं

वर पोचल्यावर पहिलं काम फोटो नाही, जॅकेट. दर १००० मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, त्यात तुमचा टी-शर्ट ओला, आणि आता ताशी ३०-४० च्या वाऱ्यात पाय न हलवता बसायचंय. हात गारठले तर ब्रेक दाबता येत नाही, हे खालच्या उन्हात पटत नाही. जॅकेट घाला, दोन घास खा, चाकांच्या क्विक रिलीज (चाक घट्ट धरणारे खटके) आणि ब्रेक एकदा हाताने तपासा, मग निघा.

उतार, जिथे खरा धोका आहे

चढावर माणूस दमतो, पडतो तो उतारावर. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावून थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, म्हणजे ताशी २० ला जे सहज जमतं ते ४० ला चार पट रस्ता खातं, आणि ओल्या रस्त्यावर अजून जास्त. पूर्ण उतारभर ब्रेक घासत राहू नका. रिम ब्रेक (चाकाच्या कडीला घासणारे) असतील तर रिम तापून आतली ट्यूब फुटू शकते, डिस्क असतील तर त्याही तापून ढिल्या पडतात. सरळ पट्ट्यावर दोन्ही ब्रेक ठाम दाबून वेग पाडा, मग सोडा, परत दाबा. जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, त्याला घाबरून फक्त मागचा दाबणारे लोक मागचं चाक घसरवून पडतात. बूड मागे सरकवा आणि दोन्ही दाबा.

वळणाच्या आधी वेग कमी, वळणात ब्रेक सोडलेला. बाहेरचा पेडल खाली, त्यावर वजन. नजर वळण जिथून बाहेर निघतं तिथे. सायकल नजरेमागे जाते हे इतकं खरं आहे की खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाल. खडीचं पण एक लॉजिक असतं, गाड्यांची चाकं जिथून रोज जातात तो पट्टा झाडल्यासारखा स्वच्छ, आणि जिथून जात नाहीत तिथे, म्हणजे लेनच्या मधोमध आणि वळणाच्या कडेला, वाळू-खडी साठते. स्वच्छ पट्ट्यात राहा. खडीवर गेलातच तर ब्रेक नाही, हँडल नाही, सरळ निघून जाऊ द्या.

आंधळ्या वळणावर कधीच पलीकडच्या लेनमध्ये जाऊ नका, रस्ता कितीही रिकामा असो. ट्रॅक्टर, गुरं, लाकडं भरलेली गाडी, डोंगरात काहीही वळणापलीकडे उभं असतं. आणि इअरफोन काढून ठेवा, डोंगरात गाडी दिसायच्या आधी ऐकू येते.

पंक्चर झालं तर

होणारच, आणि होतं ते मागच्या चाकाला. मागचा गिअर सगळ्यात छोट्या चकतीवर घ्या मग चाक सहज निघतं. टायर एका बाजूने सोडवा, ट्यूब काढा. आता इथे सगळे चुकतात, नवीन ट्यूब टाकतात, हवा भरतात, आणि ५०० मीटरवर परत फुस्स, कारण काटा टायरमध्येच होता. जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक कुठे आहे ते बघा आणि व्हॉल्व्हपासून तेवढ्याच अंतरावर टायरमध्ये शोधा. त्यासाठी घरीच टायरवरचं नाव व्हॉल्व्हसमोर येईल असा बसवून ठेवायचा, म्हणजे मोजणी जुळते. मग बोट आतून अगदी हळू फिरवा, कारण ती काच किंवा तार बोटालाही लागते. सापडली की बाहेरून नाही, आतून ढकलून काढा. नवीन ट्यूबमध्ये दोन पंप हवा भरून तिला गोल करून मग बसवा, शेवटचा तुकडा लिव्हरने नाही, अंगठ्यांनी चढवा, नाहीतर लिव्हरखाली नवीच ट्यूब चिमटते. पहिल्या वेळी ४० मिनिटं लागतील. म्हणून पहिली वेळ घरी करा.

आपल्याला निदान वेल्डिंग करावं लागत नाही. १९१३ च्या टूर द फ्रान्समध्ये युजीन क्रिस्तोफ या रेसरचा पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुबेळका) फ्रान्समधल्या तुर्माले खिंडीच्या उतारावर तुटला, नियम असा की मदत घ्यायची नाही, तर गडी सायकल घेऊन चालत खालच्या गावात गेला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः फोर्क जोडला, आणि एका पोराने भाता मारला म्हणून वर दंडही झाला.

गावं, जनावरं, कुत्री

गावात शिरताना वेग कमी, पोरं आणि कोंबड्या कुठूनही येतात. कळप समोर आला तर थांबा, कडेला व्हा, मधून घुसू नका, राखणदार हात करेल तेव्हा निघा. घोडा दिसला तर लांबूनच माणसासारखं बोला, बिनआवाजाची सायकल मागून आली की तो बिथरतो. कुत्रं मागे लागलं तर चढावर त्याच्याशी रेस लावून उपयोग नाही, उतरा, सायकल मधे धरा, मोठ्याने दम द्या आणि चालायला लागा, बहुतेक कुत्र्यांना पळणारं चाक हवं असतं, चालणाऱ्या माणसात त्यांना इंटरेस्ट नसतो. चावलंच तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर.

परत फिरायची वेळ

निघायच्या आधीच एक वेळ ठरवा, समजा १२, की तोवर माथा आला नाही तर असू तिथून मागे. आणि घरच्या कुणाला तरी रूट आणि पोचायची वेळ सांगून ठेवा. वर गेल्यावर "आता दोनच वळणं राहिलीत" हे वाक्य सगळे म्हणतात, ग्रुपमधला सगळ्यात दमलेला सोडून. त्याचं ऐका. विजा चमकायला लागल्या तर वेळ बघायचीच नाही, माथा सोडून खाली.

घरी आल्यावर चेन पुसून तेल द्या, ब्रेक पॅड किती झिजले ते बघा, एका मोठ्या उताराला पण चांगलेच झिजतात. आणि आडवं व्हायच्या आधी वहीत तीन आकडे लिहून ठेवा, किती मीटर चढलात, चढायला किती वेळ लागला, एकूण किती तास बाहेर होतात. मी सुरुवातीला तुम्हाला १०० मीटरला १० मिनिटं सांगितली ना, तो अंदाज होता, पुढच्या वेळी तुमचा स्वतःचा आकडा टाकायचा. माझा पहिला १७ निघाला होता.